तांबट आळीची पहिली घागर

हा हौद बघा. नमाजाआधी लोक इथं हातपाय धुतात. काठावर तांब्याच्या घागरी पालथ्या घातल्यात ना, त्या सगळ्या आमच्या, म्हणजे समोरच्या तांबट आळीच्या. दर दसऱ्याला वर्षातली पहिली घागर आम्ही इथं आणतो. विहिरीवर भरून, अनवाणी, तोंडातून शब्द न काढता. पाहुणे म्हणतात, वा, काय एकोपा! मी म्हणतो, आधी ऐका, मग वा म्हणा.

फार पूर्वी इथं मशीद नव्हती, असं सांगतात. पखाली लोकांची वस्ती होती, कातडी पखालींतून शहराला पाणी घालणारी. त्यांनी मशीद बांधायला काढली आणि आमच्या आळीत गहजब झाला. सभा भरली, कोतवालाकडे माणसं गेली. कोतवाल म्हणाला, जागा त्यांची, परवानगी मिळालेली, मी काय करू? तेव्हा आळीचे पुढारी धोंडशेट म्हणे उठले आणि म्हणाले, "जागा त्यांची असेल, विहीर आपली आहे. पाण्याशिवाय चुना कसा मळतात ते बघू."

आमचं सगळं पोट घागरीवर, आणि आम्हीच पाणी नाही म्हणालो. अजून सांगताना मान खाली जाते.

आळीनं विहिरीला जाड तांब्याचं झाकण घडवलं, वर कुलूप घातलं. सकाळ-संध्याकाळ उघडायचं, आळीपुरतं पाणी शेंदायचं, किल्ली धोंडशेटांच्या घरी. पखाल्यांचा म्होरक्या लाडलेसाहेब, त्यानं नदीची वाट धरली. दिवसभर गावाला पाणी घालून झालं की त्याची माणसं लांब नदीवरून स्वतःसाठी पाणी आणत. त्यांनी आधी हा हौद बांधला, तो भरला, मग भिंती चढवल्या. वैशाखात घुमटावर चुना चढला. ओला चुना मुरेपर्यंत भिजता ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो.

त्याच दिवसांत भर दुपारी धोंडशेटांच्या भट्टीची ठिणगी छपरावर उडाली. घर पेटलं. किल्ली घरात. आतल्या खोलीत त्यांची बाळंतीण सून भागीरथी आणि तिचं तान्हं. माणसं घण घेऊन झाकणावर तुटून पडली, पण आमचंच काम ते, पक्कं. वाकलं, फुटलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथं आडात होतं हो, आम्हीच कोंडून ठेवलेलं.

लाडलेसाहेब तेव्हा घुमटावर पाणी शिंपडत होता. त्यानं एकदा घुमटाकडे बघितलं, एकदा आळीकडे, आणि खाली उतरला, असं सांगतात. पखाल्यांनी हौद तळापर्यंत उपसून आगीवर ओतला. भागीरथी लेकरासकट वाचली. संध्याकाळपर्यंत उन्हानं घुमट तडकला. ती वर दिसते ना, तीच भेग.

धोंडशेट पागोटं हातात घेऊन इथं आले. म्हणाले, "घुमट नवा बांधून देतो."

"राहू द्या शेट," लाडलेसाहेब म्हणाला. "गळलं तर आम्ही बाजूला सरकून बसू. विहिरीचं झाकण तेवढं काढा."

रागावला असता तर परवडलं असतं. धोंडशेट पागोटं हातातच घेऊन परतले. झाकणाचा पत्रा तोडून त्यांनी पहिली घागर घडवली आणि दसऱ्याला भागीरथीनं ती भरून इथं आणली. अनवाणी, तोंडातून शब्द न काढता. तेव्हापासूनची ही रीत.

आजही विहिरीला झाकण नाही, भेग बुजवलेली नाही, घागरही चुकत नाही. पण गेल्या वर्षी पलीकडच्या नव्या वसाहतीत मशीद बांधायचं ठरलं, तेव्हा विरोधाच्या मोर्च्यात सगळ्यात पुढं आमच्या आळीची पोरं होती. "त्यांना नळ देऊ नका" ही घोषणाही या पोरांचीच.

त्यानंतरच्या दसऱ्याला त्यांच्यातल्याच एकानं, माझ्या नातवानं, घागर खांद्यावर घेतली. अनवाणी आला, ठेवली, रीतीप्रमाणे गप्प राहिला. इथल्या म्हाताऱ्या मौलवींनी ती हौदात ओतली आणि पालथी घातली. तेही गप्प राहिले.

मी शेजारीच उभा होतो.