शिदबा गुरवाची न थांबणारी आरती

खडकझऱ्यात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. सकाळ झाली हे गावाला नगारा सांगायचा आणि सांज झाली हेही नगाराच सांगायचा. नगारा सिद्धोबाच्या देवळात, आणि तो वाजवायचा मान गुरवाच्या घरात. त्या घरात शिदबा जन्माला आला. असं म्हणतात, की जन्मल्या जन्मल्या तो रडला नाही. त्यानं आधी सुइणीच्या हातातली पाटली फिरवून बघितली, ती उघडते कुठून म्हणून.

आता यातलं खरं किती आणि खोटं किती, ते सिद्धोबाला ठाऊक. पण शिदबाचा नाद मात्र सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलेला. कुठलीही वस्तू हाती लागली की ती उघडायची, आत काय आहे ते बघायचं, आणि परत जोडताना तिला असं काहीतरी काम लावून द्यायचं, की जे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही, काही मिळतं म्हणूनही नाही. हौस! देवाची पूजा झाली, बेल-फुलं वाहून झाली, की हा गडी देवळामागच्या पडवीत जाऊन बसायचा आणि मग आतून नुसती खुटखुट, खुटखुट.

त्याची बायको यसू. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण आणि नवऱ्याच्या या नादापायी पार मेटाकुटीला आलेली. आता तुम्हीच सांगा, का येऊ नये? पहिलं पोर झालं तेव्हा शिदबानं ताकाच्या रवीची दोरी पाळण्याला बांधली. ताक घुसळलं की पाळणा आपोआप हलायचा. यसू म्हणाली, "झ्याक झालं!" पण चार दिवसांत पोराला अशी सवय लागली, की ताक घुसळल्याशिवाय ते डोळाच मिटेना. घरात एवढं दही आणायचं कुठून? शेवटी सगळ्या आळीच्या बायका आपापलं दही घेऊन यसूच्या दारात यायला लागल्या. पुढं ते पोरगं मोठं झालं, त्याचं लग्न झालं, तरी लोण्याचा वास आल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती, असं म्हणतात.

मग शिदबानं देवळापुढच्या जास्वंदीला आपोआप पाणी घालायला बांबूची नळी टांगली. नळी भरली की कलंडायची आणि झाडाला पाणी मिळायचं. फक्त ती कलंडायची तेव्हा आजूबाजूला कोण उभं आहे, हे तिला कळायचं नाही. आणि एके दिवशी तिथं उभे होते रावजी पाटील. डोईला नवंकोरं पागोटं. पाटील ओलेचिंब झाले, पागोट्याचा रंग मिशांत उतरला आणि गावातली पोरं महिनाभर त्यांना लांबून बघून खिदळत राहिली. पाटलांनी ते मनात ठेवलं. ठेवणारच की!

तर त्या वर्षी सिद्धोबाचा उत्सव जवळ आला. आणि इकडं नगारा मिळमिळीत वाजायला लागला होता. पूर्वी शिदबानं टिपरू मारलं, की नदीच्या पलीकडच्या काठावरची गुरं मान वर करायची. आता देवळाच्या पायरीवरचं कुत्रंही उठेना. पाटील तरातरा देवळात आले आणि चारचौघांत म्हणाले, "शिदबा, तुझं ध्यान त्या खुटखुटीत. उत्सवाच्या दुपारच्या आरतीला नगारा पलीकडच्या काठावर ऐकू गेला तर ठीक. नाहीतर नगारा तुझ्या चुलतभावाला, कोंडाजीला देणार. आणि देवळाशेजारचं घरही त्याचंच!"

शिदबा खाली मान घालून म्हणाला, "जाईल ऐकू, पाटील."

यसूनं ते ऐकलं मात्र! त्या घरात ती नवरी म्हणून आलेली, तिथंच तिची पोरं झालेली. रात्रंदिवस ती नवऱ्याच्या मागं लागली. "आवं, हात चालवा जरा नगाऱ्यावर! घर जाईल, कळतंय का?" शिदबा नुसता हसायचा आणि पडवीत जाऊन दार लावून घ्यायचा. आणि घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या. आधी परात गेली. मग पळी, मग उलथनं, मग दोन झाकण्या. विचारलं की शिदबा म्हणायचा, "असेल इथंच कुठंतरी." आणि ऐन उत्सवाच्या सकाळी, नैवेद्याच्या पुरणपोळ्या करायला बसली, तर लाटणं नाही! बिचारीनं पितळी तांब्यानं पोळ्या लाटल्या. एक पोळी गोल नाही. सगळा राग तिनं पदरात बांधला आणि मनाशी म्हणाली, आरती होऊ दे, मग बघते या माणसाकडं.

दुपार झाली. झाडून सारा गाव देवळात. आता एक सांगायला हवं. खडकझऱ्याच्या आरतीची रीत मोठी कडक. नगारा वाजायला लागला, की तो थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही, टाळी सोडायची नाही आणि आरतीच्या चालीशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. देवाच्या कामासाठी उठावं लागलं तर तेवढीच मुभा. ही रीत जो मोडेल, त्याच्या घराकडं सिद्धोबा पाठ फिरवतो, असं म्हणतात. लहान पोरंसुद्धा ही रीत पाळायची.

नगाऱ्यापुढं शिदबानं पडदा लावला होता. आत तो गेला, आणि एकदम धडाम्! अरे, काय तो आवाज! धडाधड धडाधड नगारा, वर घणघण घंटा, मधेच झांजेसारखं झण्ण झण्ण. देवळाच्या कळसावरची कबुतरं जी उडाली, ती म्हणतात नदीपलीकडं जाऊन बसली. पलीकडच्या काठावरची गुरं शेपट्या वर करून पळत सुटली. पाटलांचं तोंड उघडं ते उघडंच. आणि यसूचे कान टवकारले. ते झण्ण झण्ण तिच्या ओळखीचं होतं. आपल्या परातीचा आवाज कुठल्या बाईला कळत नाही?

आरती संपली. नगारा संपला नाही.

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दुसरी आरती म्हटली. नगारा चालूच. तिसरी म्हटली, येत होत्या तेवढ्या सगळ्या म्हटल्या, मग पहिलीपासून पुन्हा. गावच्या भटजींना आठवेना तेव्हा त्यांनी आरतीच्या चालीवर तिथी-वार-नक्षत्र म्हटलं. बायकांनी पाळणे म्हटले, लग्नातली गाणी म्हटली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळ्यांनी टाळ्या कुटत म्हणायचं, "ओवाळू सिद्धोबा!" म्हाताऱ्या माणसांच्या मांड्या थरथरायला लागल्या. पाटलांचा चेहरा तापत चालला.

यसू देवाच्या दिव्यात तेल घालायच्या निमित्तानं पडद्याआड शिरली, आणि बघतच राहिली. देवळामागून पाण्याचा पाट वाहत होता. त्यावर शिदबानं लाकडी चाक बसवलं होतं, चाकाचा दांडा भिंतीच्या भोकातून आत घेतला होता आणि त्या दांड्यावर तिचा सगळा संसार नाचत होता. पळी नगाऱ्यावर पडत होती, उलथनं घंटेची दोरी ओढत होतं, परात दोन झाकण्यांवर आपटत होती. आणि चाकाला दांड्याशी जोडणारी खुंटी म्हणजे तिचं लाटणं! ते उपसलं की सगळं थांबायचं. पण कोरडं असताना सहज निघणारं लाटणं पाण्याच्या तुषारांनी फुगून भोकात गच्च बसलं होतं. शिदबा डाव्या हातानं ते ओढत होता, घामानं निथळत होता. उजवा हात नुसता लोंबत होता.

यसूच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, त्या तिथंच विरल्या. रीत मोडायची नाही म्हणून तिनं आरतीच्या चालीवरच विचारलं, "हाताला काय झालं वं, ओवाळू सिद्धोबा?"

शिदबानं तसंच गात सांगितलं, "खांद्याच्या वर जाईना गं, ओवाळू सिद्धोबा. सांगू कुणाला गं, ओवाळू सिद्धोबा."

यसूला रडूच फुटलं. माणूस इतके दिवस एकटा सोसत होता आणि आपण त्याला येता-जाता टोचत होतो, याचं तिला फार फार वाईट वाटलं. शिदबानं डाव्या हातात दगड घेतला आणि लाटण्यावर उगारला, मोडूनच टाकावं म्हणून. इतक्यात बाहेरचं गाणं एकदम चिरकलं. यसूनं पडदा बाजूला करून पाहिलं.

देवळाच्या दारात हिंमत्या दरोडेखोर उभा होता. त्याचं नाव काढलं की पोरं जेवायची थांबायची. सगळा गाव देवळात, बायकांच्या अंगावर सणाचे दागिने, देवाचा चांदीचा मुखवटा बाहेर काढलेला, हे हेरूनच तो भर दुपारी आला होता. मागं त्याची सगळी टोळी, हातात कुऱ्हाडी आणि भाले. हिंमत्यानं आरोळी ठोकायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की आरती चालू आहे.

दरोडेखोर झाला तरी आईच्या हाताखाली वाढलेला. चालत्या आरतीत आरोळी कशी ठोकायची? त्यानं कुऱ्हाड काखेत मारली, पायातलं पायताण काढलं आणि टाळ्या वाजवायला लागला. सरदारानं वाजवल्या म्हणून टोळीनंही वाजवल्या. आरती काय, संपेलच आता, मग लुटू, असा त्यांचा हिशेब.

यसूनं झटकन शिदबाचा दगड धरला. "मोडू नका वं, ओवाळू सिद्धोबा! चोर आल्यात वं, ओवाळू सिद्धोबा!"

म्हणजे बघा, आत्तापर्यंत सारा गाव देवाला विनवत होता, की थांबव बाबा हा नगारा. आता तोच गाव डोळे मिटून विनवायला लागला, की थांबू नको रे बाबा. आणि यंत्राची खोडी अशी, की नेमकं तेव्हाच ते थांबायला लागलं. धडाधडचं धड... धड... झालं. हिंमत्याचा हात काखेकडं वळला.

यसूनं भिंतीच्या भोकातून बाहेर पाहिलं. घरी गुरांकडं बघायला कुणी उरलंच नव्हतं, तेव्हा पाटलांची म्हैस दावं तोडून आली होती आणि ऐन पाटात ऐसपैस बसली होती. पाणी अडलं होतं. यसूनं गळा काढून सगळं देऊळ दणाणून सोडलं, "पाटीलमामा वं, म्हस बसली पाटात, ओवाळू सिद्धोबा! देवाचं पाणी अडलं, ओवाळू सिद्धोबा!"

सगळ्या गावानं जिवाच्या आकांतानं साथ दिली. पाटील समजले. देवाच्या पाण्याचं काम, म्हणजे जायला मुभा! ते टाळ्या वाजवत बाहेर पडले आणि जरीच्या उपरण्यासकट पाटात उतरले. म्हैस काही केल्या उठेना. पाटलांनी शेपूट पिळलं, खांदा लावला, आरतीच्या चालीवर तिच्या आई-आजीचा उद्धार केला. असं म्हणतात, की शेवटी पाटलांनी म्हशीचे पाय धरले, तेव्हा ती उठली. पाणी सुटलं, चाक फिरलं, आणि नगारा पहिल्यापेक्षा दुप्पट जोरानं वाजायला लागला. ज्या नगाऱ्यासाठी पाटलांनी डोळे वटारले होते, त्याच्यासाठी पाटील कमरेइतक्या चिखलात उभे राहून "वाजव रे शिदबा!" म्हणून गात होते.

ऊन कललं. गावाला आता सवय झाली होती, दरोडेखोरांना नव्हती. रात्रभर चालून आलेली माणसं, पोटात अन्न नाही, आणि समोर पुरणपोळ्यांच्या नैवेद्याचा वास. एकेकाचे तळवे लाल झाले. हिंमत्याचे ओठ सुकले. शेवटी भल्याभल्यांना रडवणारा तो गडी रडकुंडीला येऊन गायला लागला, "थांबव की गं माये, ओवाळू सिद्धोबा!"

यसू पडद्याबाहेर आली, पदर खोचला आणि गायली, "कुऱ्हाड ठेव आधी, ओवाळू सिद्धोबा! देवाच्या पायाशी, ओवाळू सिद्धोबा!"

कुऱ्हाडी खाली आल्या. भाले खाली आले. मग यसूनं हिंमत्याला हाताला धरून आत नेलं आणि लाटणं दाखवलं. त्यानं दोन्ही हातांनी ते धरलं, पाय भिंतीला लावला आणि असा हिसका दिला, की लाटणं सुटलं आणि तो पडद्यासकट गडगडत जाऊन सिद्धोबाच्या पुढं पालथा पडला. नगारा थांबला. लोक अजून भांडतात, तो पडला होता की त्यानं दंडवत घातलं होतं. पण उठल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

यसूनं त्याच्या हातावर पहिली वाकडीतिकडी पोळी ठेवली. सगळी टोळी गावाच्या पंगतीला बसली. ज्या देवाचा प्रसाद पोटात गेला, त्याच्या गावावर हात कसा टाकायचा? हिंमत्या हत्यारं तिथंच सोडून गेला, आणि त्या हत्यारांच्या लोखंडाची शिदबानं पुढं काय काय यंत्रं केली, त्याची गोष्टच वेगळी.

चिखलानं माखलेले पाटील आले. शिदबा उजवा हात डाव्या हातानं सावरत उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, हात गेला माझा. नगारा मी नाही वाजवला." यसूनं खाली पडलेलं लाटणं उचललं, नगाऱ्यापुढं गेली आणि सगळ्या ताकदीनं एक ठोका हाणला. नदीपलीकडून गुरं हंबरली.

"नगारा ह्याच घरात राहणार," पाटील म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसायला गेले तर उपरण्यातून चिखलच निघाला.

आता खडकझऱ्याच्या देवळात विजेवर चालणारा नगारा आहे. पण उत्सवाच्या दिवशी त्याचं बटण दाबायच्या आधी पहिला ठोका गुरवाच्या घरची सून हाणते, लाटण्यानं. आरती संपली की भटजी मोठ्यानं विचारतात, "थांबली का?" आणि सारा गाव ओरडतो, "थांबली!" त्याशिवाय कुणी हलत नाही. त्या दिवशी घरातलं कुणीही कुठलीही वस्तू उघडून बसलं, रेडिओ असो, पंखा असो, मिक्सर असो, तर त्याला रागवायचं नाही, अशीही रीत आहे. देवळामागच्या पडवीत दिवसभर खुटखुट चालते. बायका कपाळावर आठ्या घालतात, पण गप्प बसतात. आणि पंगतीतून उठताना प्रत्येकजणी आपल्या माणसाला एकदा हळूच विचारते, "हात दुखत नाही ना?"