दुसरी ठकू

एक होती मावशी. राजाची नव्हे, राणीची नव्हे, अख्ख्या गावातल्या पोरासोरांची मावशी. नाव तिचं अनसू. दिगू, तू आधी पाय पांघरुणात घे. गोष्ट ऐकायची तर अंग स्थिर ठेवायचं, नाहीतर मी चालले झोपायला.

तर बरं का, अनसूमावशीचं गाव होतं तळ्याच्या काठाला. तळं केवढं? तर पलीकडच्या काठावरची म्हैस इकडून शेळीएवढी दिसायची. त्या राज्याच्या राणीला निळ्या रंगाचं भारी वेड. लुगडी निळी, पडदे निळे, हत्तीची झूलसुद्धा निळी. मग काय, गावातल्या सगळ्या आया सकाळी उठून निळीच्या रांजणांवर कामाला जायच्या आणि संध्याकाळी कोपरापर्यंत निळे हात घेऊन परत यायच्या. जाताना आपापलं लेकरू मावशीच्या ओट्यावर सोडायच्या. कुणी झोपेतच यायचं, कुणी रडत यायचं, कुणी अर्धी भाकरी हातात धरून यायचं.

मावशी तापट होती. आवाज तर असा, की हाक मारली तर कौलावरचं कबुतर उडावं. पण मांडी मऊ. तिच्या मांडीवर बसलं की पोरं रडायचं विसरायची.

त्या पोरांत एक होती ठकू. साळूची लेक. साळूला ती एकुलती एक, नवसासायासाची. ठकू म्हणजे काय, बोलण्याची नुसती टकळी. ऐकायला माणूस नसलं तर भिंतीशी बोलेल. साळू तिला सोडताना रोज एकच म्हणायची, "मावशी, माझा जीव ठेवून चाललेय तुमच्यापाशी." आणि मावशी रोज म्हणायची, "जा गं बाई. मी काय तुझा जीव खाऊन टाकते?"

ऊन थोडं वर आलं की मावशी पोरांना तळ्यावर न्यायची. पोरं चिखलाच्या भाकऱ्या थापायची, पळसाच्या पानाच्या होड्या सोडायची. ठकू मात्र पाण्यावर वाकून गप्पा मारत बसायची. आईनं काय रांधलं, मांजरीनं काय सांडलं, सगळं पाण्याला सांगायची. मावशी म्हणायची, बरं झालं बाई, माझे कान तेवढे सुटले.

निघायच्या वेळी मात्र मावशीचा एक नेम होता. तो नेम तिच्या आजीनं तिला घालून दिलेला. पाण्याकाठून निघताना एकेका पोराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "चल रे, घरी चल." सगळे चला, असं पाण्याकाठी म्हणायचं नाही. का? तर पाण्यात कोण कोण राहतं ते आपल्याला ठाऊक नसतं. आपण म्हणायचं सगळ्यांना, आणि त्यातलं कुणी खरंच निघालं तर?

मग एक दिवस काय झालं, गावदेवीला सोडलेला वळू उधळला. शेपूट वर, मुंडी खाली, सुसाट आला तो तळ्याकडेच. मावशीची गाळण उडाली. धाकट्याला तिनं काखोटीला मारलं, दुसऱ्याला दंडाला धरलं आणि ओरडली, "चला रे सगळे, कोणी मागं राहू नका."

बोलून गेली खरी. तोंडातून गेलेला शब्द, तो काय परत येतोय?

घरी पोचली. सगळे धापा टाकतायत, पण सगळे धड. मावशीनं देवाला हात जोडले आणि पोरांना न्हाणीपाशी रांगेनं उभं केलं. चिखलाचे पाय. तिनं गोप्याचे पाय धुतले. गोप्या म्हणजे त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात आगाऊ. मग ठकूचे धुतले, म्हणाली, जा आत. मग पुढचे पाय धुवायला घेतले आणि वर पाहिलं, तर ठकू.

मावशी म्हणाली, "अगं, तुझे आत्ता धुतले ना?"

ठकू म्हणाली, "नाही मावशी, माझे राहिलेत."

आणि घरातून ठकूचाच आवाज आला, "मावशी, माझे झाले."

मावशीच्या हातातला तांब्या खाली पडला. ती उठली, आत गेली. आत ठकू. बाहेर आली. बाहेर ठकू. पुन्हा आत गेली. मग दोघींना तिनं शेजारी शेजारी उभं केलं. तोच परकर, तीच वेणी, वेणीला तोच लाल लोकरीचा गोंडा. गुडघ्यावर काल पडल्याचं खरचटलेलं, तेसुद्धा दोघींना. ही म्हणते मी ठकू. ती म्हणते मी ठकू. आणि दोघी एकमेकींकडे बघून खुदुखुदू हसतायत. 

पोरांना मात्र गंमत. गोप्या म्हणाला, "मावशी, मला पण दुसरा गोप्या आण. तो आंघोळ करेल."

मावशीनं कपाळावर हात मारला. आता तिच्या लक्षात आलं, आपण तळ्यावर काय बोलून बसलो ते. यातली एक साळूची आणि एक पाण्यातली. संध्याकाळी साळू येणार, तिला कुठली द्यायची? चुकून पाण्यातली दिली तर साळूची ठकू पाण्यात जाईल, ती कायमचीच. मावशीला रडू फुटायला आलं. पण पोरांच्या देखत रडायची सोय असते का? एक रडलं की सगळी रडतात. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, चला जेवायला.

मावशी होती हुशार बरं का. तिनं विचार केला, जेवताना कळेल. ठकूला दहीभात आवडायचा, पण त्यातला कढीपत्ता एकेक पान निवडून ताटलीच्या काठावर चिकटवायची खोड होती. मावशीनं फोडणीत मुद्दाम चांगला मूठभर कढीपत्ता टाकला आणि दोघींना वाढलं. मग बघत बसली. ही एक पान चिकटवते, ती एक पान चिकटवते. ही बोट चाटते, ती बोट चाटते. शेवटी दोन ताटल्यांना दोन हिरवी तोरणं लागली. 

मग तिनं ठरवलं, झोपेत कळेल. झोपेत माणसाला सोंग आणता येत नाही. ठकूला झोपताना मावशीच्या कानाची पाळी धरायला लागायची. मावशी आडवी झाली. एक ठकू या कुशीत आली, एक त्या कुशीत आली. एकीनं उजवा कान धरला, दुसरीनं डावा धरला आणि दोघी एका सुरात घोरायला लागल्या. आता मावशीनं हलायचं कसं? कान दोन्हीकडून ओढलेले, डोळे आढ्याला लागलेले. अशी ती बिचारी दुपारभर पडून राहिली.

हसा. तुम्हाला हसू येतंय. तिला संध्याकाळी साळूला तोंड दाखवायचं होतं.

मग पोरं उठली. मावशीनं तिसरा उपाय केला. दोघींना समोर बसवलं आणि विचारलं, "तुमच्या घरात नवं काय झालंय गं?" तिला वाटलं, खरी असेल ती सांगेल, दुसरी अडखळेल. तर पहिली म्हणाली, "मांजर व्यालीय, उतरंडीमागं." आणि दुसरी म्हणाली, "एक पिल्लू आंधळं आहे. आई त्याला कापसानं दूध पाजते." हे तर मावशीलाही माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. 

होता होता दिवे लागायची वेळ झाली. आया यायला लागल्या. जिनं तिनं आपापलं पोर कडेवर घेतलं. गोप्या जाता जाता आईला सांगत गेला की आज आपल्याकडे दोन ठकू आहेत, आणि त्याच्या आईनं त्याला एक धपाटा घातला. मग ओटा रिकामा झाला. दोघी ठकू माजघरात सागरगोटे खेळत होत्या आणि मावशी उंबऱ्यात बसली होती.

तिच्या मनात आलं, काही बोलूच नये. एकीला परसात लपवावं, दुसरीला साळूच्या हातात द्यावं. साळूला काय कळतंय? आलं बरं का असं मनात. माणूसच ती. पण मग तिला वाटलं, रात्री पाण्यातली पोरगी साळूच्या कुशीत झोपली, तर खरी ठकू कुठं असेल? नाही, नाही. तसलं पाप नको.

तेवढ्यात साळू आलीच. निळे हात, दमलेलं तोंड. मावशी उठली आणि एका दमात बोलली, "साळू, तू मला जीव दिला होतास सांभाळायला. माझ्या हातून चूक झाली. तुझी लेक घरातच आहे, पण तिच्यासारखी आणखी एक आहे. तुझी कुठली ते मला ओळखू येत नाही."

साळूला आधी वाटलं, मावशी थट्टा करतेय. ती हसलीसुद्धा. पण मावशीचे ओठ थरथरताना दिसले आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

आणि तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

मावशीनं जाऊन दार उघडलं. तर दारात साळू.

तेच दमलेलं तोंड, कोपरापर्यंत निळे हात. मावशीनं मान वळवून पाहिलं, पुढच्या दारात साळू. इकडे पाहिलं, मागच्या दारात साळू.  पुढच्या दारातल्या साळूनं मागच्या दारातली साळू पाहिली आणि ती मटकन खाली बसली. लेकी दोन होत्या, त्या होत्याच. आता आयाही दोन झाल्या. 

दोघी साळू एकदमच म्हणाल्या, "ठकू कुठंय?"

मग माजघरातून दोन्ही ठकू आल्या. हातात हात घालून, हसत हसत आल्या. आणि मग काय झालं ऐका.

मूल दिवसभर किती का शहाण्यासारखं राहीना, खाईल, खेळेल, हसेल, पण संध्याकाळी आई दिसली की त्याचा खालचा ओठ बाहेर येतोच. का ते विचारू नका. तुमचाही येतो. तसा या ठकूचा ओठ बाहेर आला. त्या ठकूचाही ओठ बाहेर आला. दोघींनी एकदम भोकाड पसरलं आणि हात सोडून धावल्या. एक धावली पुढच्या दाराकडे, एक धावली मागच्या दाराकडे. आयांची तोंडं अगदी सारखी होती, पण लेकरांचं पाऊल चुकलं नाही. मावशीनं भात वाढून पाहिला, निजवून पाहिलं, खोदून विचारून पाहिलं. पण कुठलं लेकरू कुठल्या आईचं, ते लेकरानंच दाखवून दिलं.

साळूनं आपल्या ठकूला असं आवळलं की पोरीला रडायलासुद्धा जागा उरली नाही.

मागच्या दारातल्या बाईनंही लेक उचलून घेतली. तिच्या पदरातून पाणी ठिबकायला लागलं. सारवलेल्या जमिनीवर ओल पसरत मावशीच्या पायापर्यंत आली. मावशीला वाटलं, आता ही रागावणार, तळं उफाळून गावात येणार, सगळी घरं बुडणार. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "बाई, मी सगळ्यांना चला म्हटलं, हा माझा अपराध. गावावर राग धरू नका."

पाण्यातली बाई म्हणाली, "राग कसला धरू? सकाळ झाली की मला गावोगावच्या विहिरींना पाणी पोचवायला जावं लागतं. ही एकटी राहते. आम्हाला आमचं रूप नाही. काठावर जो येईल, त्याचंच रूप आमचं. तुमची ठकू रोज येते, बोलते, म्हणून ही ठकू झाली, आणि तिला न्यायला यायचं म्हणून मी काठावर धुणं धुवायला येणाऱ्या तुमच्या ठकूच्या आईसारखी झाले. आजवर माझ्या लेकीला कुणी घरी चल म्हटलं नव्हतं."

 मग त्या बाईनं खाली पाहिलं, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि हळूच विचारलं, "मावशी, उद्या हिला कुठल्या वेळेला आणून सोडू?"

  मावशीनं साळूकडे पाहिलं. आज साळूची लेक हातची जाता जाता राहिली होती. उद्या साळू आपली ठकू या घरात सोडेल की नाही, तेच आधी मावशीला कळत नव्हतं.

साळू जमिनीवर बसली होती, लेक तिच्या गळ्यात. तिनं त्या बाईकडे पाहिलं. मग त्या बाईच्या खांद्यावर मुसमुसणाऱ्या पोरीकडे पाहिलं.  मग म्हणाली, "दोघींना एका ताटात वाढू नका, मावशी. माझी हावरी आहे. त्या पोरीच्या वाटचं खाऊन टाकेल."

झालं. मावशी मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं रडू रडली.

मग दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या ओट्यावर दोन ठकू यायला लागल्या. कुठली कुठली ते मावशीनं ओळखायचं सोडूनच दिलं. दोघींची वेणी घालायची, दोघींना दोन ताटांत वाढायचं, दोघींना एकेक कान द्यायचा. संध्याकाळी आया येतातच की. आणि त्या गावाची विहीर पुढं कधी आटली नाही. साळू सुखात राहिली, पाण्यातली बाई सुखात राहिली, मावशीचे कान तेवढे थोडे लांब झाले.

बास. संपली. आता डोळे मिटा. दिगू, माझा कान सोड, मला दुसऱ्या कुशीवर वळायचंय.