गोठ्याचं भाडं

राजे स्वतः पायी मुलूख पाहायला निघत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका नगरात नियम होता, की ज्या खोलीत चूल पेटते आणि माणूस निजतो तिच्यावर घरपट्टी. गुरांच्या गोठ्याला मात्र माफी.

त्या नगरात दामोजी नावाच्या माणसाने सावकाराकडून कर्ज काढून दहा खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. भाड्यातून हप्ता फेडायचा, उरेल ते कनवटीला लावायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट होता तो वर्षातला एक दिवस. पट्टी आकारणारा कारकून यायचा त्या दिवशी दामोजी गवळ्याच्या गाई उसन्या आणी, भाडेकऱ्यांना चुली झाकायला लावून बाहेर काढी आणि प्रत्येक खोलीत गाय बांधी. कारकूनही असा आळशी, की नाकाला उपरणं लावून दारातूनच 'गोठा' लिही आणि चालू लागे.

शेवटच्या खोलीत येसू कोष्टीण राहायची. अंधारात सूत तुटायचं, म्हणून मालकाला विचारून तिने पदरमोड केली आणि भिंतीला खिडकी पाडून घेतली. खिडकी झाली तशी दामोजीने खोली सुधारली म्हणून भाडं वाढवलं. काय हा निर्लज्जपणा! येसूने दातओठ खात तेही भरलं.

पुढे कारकुनाचा दिवस आला. गोठ्याला कुठे खिडकी असते, असं म्हणत दामोजीने ती दगडमातीने बुजवून टाकली. संध्याकाळी येसू परतली, तर मागावरचं अर्धं विणलेलं लुगडं गाईने चघळून टाकलं होतं. दोन महिन्यांची मेहनत होती ती. येसू रडली नाही.

त्या महिन्यात तिने भाडं दिलं नाही. दामोजी तिला खोलीबाहेर काढायला निघाला आणि तक्रार घेऊन पंचांकडे गेला. पंचांनी येसूला बोलावलं.

"आधी पट्टीची वही उघडा," येसू म्हणाली. "दहा वर्षं आम्ही तिथे गुरं म्हणून लिहिलेले आहोत. आम्ही माणसं असू तर यांनी दहा वर्षांची पट्टी भरावी. गुरं असू तर गुरांकडून भाडं कसलं मागता?"

पंचांनी वही पाहिली. त्यांच्याही कपाळावर आठ्या चढल्या. "दामोजी, तुमच्या तोंडाने सांगा. घरं की गोठे?"

दामोजीने मनातल्या मनात दहा वर्षांच्या पट्टीचा हिशेब केला आणि त्याला घाम फुटला. तो हळूच म्हणाला, "गोठेच."

"ठीक. या नगरात गोठ्याचं भाडं महिन्याला गवताची एक पेंढी. दहा गोठ्यांच्या दहा पेंढ्या घेत जा."

पुढच्या महिन्यात दहाही भाडेकऱ्यांनी दामोजीच्या दारात पेंढ्या टाकल्या. सर्वांत पुढे येसू होती. गवत खायला त्याच्याकडे गाय नव्हती आणि सावकार हप्त्यात गवत घेत नव्हता. वर्षाच्या आत सावकाराने खोल्या ताब्यात घेतल्या, घरं म्हणून नोंदवल्या आणि पट्टी भरली. त्याच दिवशी येसूने बुजवलेली खिडकी स्वतःच्या हाताने फोडली.

बोध: भाडं घेताना ज्याला माणूस मानलं, त्याला कर भरतानाही माणूसच मानावं.