धनेशाच्या दारात रॉकेट

ठेव बरं विश्वास! आता जे सांगणार आहे, त्यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव. नाहीच जमायचं तुला. दोन यत्ता शिकलं की माणसाला शिंगं फुटतात, मग समोर परी उभी राहिली तरी म्हणतं, फुलपाखरू असेल. डोकं कशाला चाचपतंस? इतक्यात नाही दिसायची शिंगं. ऐक.

एक होती शेवंती. नाव फुलाचं, पण पोर काडीसारखी. फ्रॉकला इतकी ठिगळं, इतकी ठिगळं, की मूळचा फ्रॉक कुठला ते तिलाही सांगता यायचं नाही. तिची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या टरफलाचं तेल मोठं वाईट, हाताची कातडी जाळून काळी करतं. म्हणून घरची पेज शेवंती शिजवायची, भांडी शेवंती घासायची, आणि आईच्या बोटांना खोबरेल लावायची तीही शेवंतीच. लावताना काहीतरी वेडंवाकडं गाणं म्हणायची. आई हसायची, आणि हसता हसता चुरचुर विसरायची.

तर शाळेतल्या पालव सरांनी सगळ्या पोरांना रॉकेट करायला सांगितलं. बाटलीचं रॉकेट. आत थोडं पाणी, खाली बूच, सायकलच्या पंपानं हवा भरायची, की फुस्सकन् आभाळात! बाकीच्या पोरांनी बाजारातून रंगीत कागद आणले, चिकटपट्ट्या आणल्या. शेवंतीनं रसाच्या गाडीमागं पडलेली बाटली धुऊन घेतली. पंख केले जुन्या लग्नपत्रिकांचे, त्यांच्यावर सोनेरी वर्खाचे इवले इवले गणपती. आणि रॉकेट खाली येताना अलगद यावं म्हणून मोडक्या छत्रीचं लालचुटुक कापड बांधलं. उडवलं तर काय, सगळ्यांच्या रॉकेटांपेक्षा उंच!

पालव सर खूश झाले. म्हणाले, "शेवंती, उद्या तालुक्याला प्रदर्शन आहे. तू यायचं माझ्याबरोबर जीपमधून. रॉकेट तेवढं जपून ठेव हो. नाहीतर तिथं काय आपण दोघं उडून दाखवणार?"

शेवंती कधी जीपमध्ये बसली नव्हती. तिला इतका आनंद झाला, की तिनं आनंदानं अजून एकदा रॉकेट उडवलं. तेवढ्यात आला वारा. त्यानं ते लाल कापड धरलं आणि रॉकेट नेलं थेट शाळेमागच्या देवराईत, सगळ्यात उंच बेहड्याच्या झाडावर. अडकलं तिथं.

आता देवराई म्हणजे देवीचं रान. तिथल्या झाडावर चढायचं नाही. तिथलं वाळकं पान बाहेर आणायचं नाही, काटकी आणायची नाही, पायाची मातीसुद्धा बांधावर झटकून यायचं. आणि आत जे पडलं ते राईचं झालं. संपलं.

"देवीला विचारल्याशिवाय मी कोणाला आत हात लावू द्यायचा नाही," भिकू गुरव म्हणाला. पोटावर शेंडीएवढीच बारीक पंच्याची गाठ, पण आवाज केवढा! तोच देवीची पूजा करायचा.

"मग विचारा की गुरवकाका," पालव सर म्हणाले.

गुरवानं देवीच्या पाषाणावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या. याला म्हणतात कौल. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. सगळी शाळा श्वास धरून बसली. उजवी पडेना. डावी पडेना. पाणी सुकलं, तरी पाकळ्या जागच्या जागी.

"काका, देवी काय म्हणते?" सरांनी विचारलं.

"विचार करते आहे."

"किती वेळ?"

"तुम्ही पेपर तपासायला जेवढा लावता त्याहून कमीच लावेल."

ऊन डोक्यावर आलं. पोटात कावळे ओरडायला लागले. गुरव म्हणाला, "शेवंते, तू बस इथं. पाकळी पडली की हाक मार." आणि सगळे गेले जेवायला.

शेवंती एकटी राहिली. मान वर करून रॉकेटकडं बघत बसली. बघता बघता तिला दिसलं, की एक मोठा धनेश पक्षी झाडाभोवती घिरट्या घालतोय. चोच ही एवढी, केळ्यासारखी पिवळी, आणि चोचीत लाल लाल फळं. तो झाडाजवळ यायचा, लाल कापड फडफडायचं, की घाबरून लांब जायचा. परत यायचा. परत जायचा.

"अगो बाई," शेवंती म्हणाली, "ह्याची बायको आत आहे!"

तुला ठाऊक आहे का, धनेशीण अंडी घालते तेव्हा झाडाच्या ढोलीत बसते आणि दार आतून लिंपून घेते. कशानं लिंपते? शीनं! नाक कशाला मुरडतंस? छान घट्ट भिंत होते. चोचीपुरती फट ठेवते, आणि त्या फटीतून नवरा तिला आणि पिल्लाला भरवतो. शेवंतीचं रॉकेट नेमकं त्या फटीत पंख घालून बसलं होतं, आणि वरून कापडाचा पडदा.

"बोटं मोडली गो माझी!" कोणीतरी म्हणालं.

शेवंतीनं वळून पाहिलं. देवीच्या पाषाणावर बसली होती एक चिमुकली परी. सुरंगीच्या पिवळ्या पाकळ्यांचं परकर-पोलकं, पायात गुंजांचे लाल पैंजण, पाठीला काचेसारखे पिटुकले पंख, हलले की त्यांतून हिरव्या-निळ्या ठिणग्या सांडायच्या. आणि तिचे दोन्ही अंगठे अजून दोन पाकळ्यांवर दाबलेले!

"तू धरून ठेवल्या होत्यास?"

"मग काय! ते सगळे विचारतात, आमचं आम्ही नेऊ का, आमचं आम्ही नेऊ का. वर कोण राहतं ते कोणी विचारलं का? म्हटलं, बसा उपाशी." परीनं अंगठे झटकले. "तू वर नीट बघितलंस. म्हणून तुला एक इच्छा. पण मोठ्यानं बोलायची, मनातलं मला ऐकू येत नाही. जसं बोलशील तस्संच होणार. आणि मागून चुकलं-बिकलं म्हणायचं नाही. हां, अजून काहीतरी नियम होता... जाऊ दे, आठवला की सांगते."

शेवंतीनं लगेच तोंड उघडलं. "माझं रॉकेट खाली..."

आणि वरून आवाज आला, ची ची ची. पिल्लाचा. अगदी बारीक, भुकेला आवाज.

शेवंतीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "परीताई, रॉकेट ओढलं तर भिंत फुटेल का?"

"फुटेल की."

"मग?"

"मग काय, तू मागितलंस तर मी ओढणार. भिंतीचं तू बोलली नाहीस तर मी कशाला बघू?"

शेवंतीच्या डोळ्यांपुढून जीप गेली, तालुका गेला, टाळ्या गेल्या. मग ती मोठ्यानं म्हणाली, "ते कापड तेवढं बाजूला होऊ दे. त्याला पिल्लाला भरवू दे. रॉकेट राहिलं तर राहू दे."

परीनं टिचकी वाजवली. लाल कापड हळूच दुमडलं, फांदीवर जाऊन बसलं. धनेश झपकन् आला आणि रॉकेटाच्या कडेनं फटीतून एक एक फळ आत द्यायला लागला. आतून पिवळी टोकदार चोच बाहेर यायची, फळ घ्यायची, गुडुप. ची ची थांबलं.

शेवंतीनं डोळे पुसले. "जाते परीताई. पेज टाकायचीय."

"थांब गो जराशी!"

वर धनेश रॉकेटाकडं एका डोळ्यानं बघत होता. मान वाकडी केली. मग आपली ती एवढी मोठी चोच लावली आणि पंख धरून रॉकेट ओढायला लागला, आजी नातवाच्या पायातला काटा काढते ना, तसं. तो जरा ओढायचा, ती आतून लिंपायची. तो जरा ओढायचा, ती लिंपायची. भिंतीचा एक कण पडला नाही. रॉकेट सुटलं!

"हे मी नाही केलं हो," परी म्हणाली, "ही त्यांची मर्जी. माझी इच्छा तू खर्च केलीस. पण फुंकर मारू नये असा काही नियम नाही." आणि तिनं गाल फुगवून अशी फुंकर मारली, की लाल कापड फुलासारखं उमललं, आणि रॉकेट डुलत डुलत, राईच्या बांधापलीकडं, मोकळ्या वाटेवर उतरलं.

शेवंती वळली तर सगळी राई उजळली होती. पानापानावर पिवळं सोनं, हिरवं सोनं, मधाच्या रंगाचं सोनं. उजेडातून आवाज आला, "तो नियम आठवला गो! दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला मी न मागितलेलंही..." आणि उजेड विझला. परी नाही, पैंजण नाही. नुसता सुरंगीचा वास.

जेवून ढेकर देत गुरव आला, मागून सर आणि पोरं. रॉकेट बांधाबाहेर बघून गुरवानं हातच जोडले. "देवीनं आपल्या हातानं बाहेर ठेवलं! आता कौल कसला नि काय कसला! आणि हे बघा, अंगारा पण दिला!"

रॉकेटाच्या पंखावर पांढरट ओला लपका होता. गुरवानं बोट बुडवून कपाळाला लावलं. मग सरांना लावलं. मग सगळी पोरं रांगेत.

"काका, वास जरा..." सर म्हणाले.

"देवीच्या वस्तूचा वास काढू नये, सर!"

शेवंतीनं सांगायला तोंड उघडलं. गुरवाचा भक्तीनं फुललेला चेहरा बघितला. मिटलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला रॉकेट असं गेलं, की सगळ्यांच्या माना मोडल्या. आणि जीपमध्ये शेवंतीशेजारी कोण बसलं होतं ठाऊक आहे? तिची आई. कारखान्यातून सरांनीच सुट्टी मागून आणली. तिचे काळे हात मांडीवर, आणि मांडीवर रॉकेट.

बघतंस काय तोंडाकडं? गोष्ट संपली. आणि कपाळ कशाला पुसतंस, तुला कोणी लावलंय का अंगारा? ऊठ, चल, जा आता इथून. पळ!