मेलेल्या आंब्याची तहान

एकदा काय झालं, एका गावातला आंबा मेला.

गप पडा रं आधी! पाय आपटायचं बंद. ऐकायचं तर नीट ऐका, न्हाईतर मी चाललो.

तर आंबा मेला. विहिरीच्या काठावरचा, लई जुना. पावसाळ्यात पालवी न्हाई, दिवाळीला एक पान न्हाई. साल सुटली, वाळवी लागली. आता थंडीत सापबी बिळात गारठून पडल्यालं असत्यात. म्हनून मेलेलं झाड काढायचं, खुंट उकरायचा, तो थंडीतच. पन गाव आळशी. म्हनालं, "राहू द्या, कुनाचं काय खातंय?"

हितंच चुकलं, बरं का. खात नव्हतं, पन पीत व्हतं! मेलं व्हतं, पन त्याला ठावंच नव्हतं. मुळं विहिरीतलं पानी वढायची. घट, घट, घट. भुईला कान लावला की ऐकू यायचं. आज दोर दोन हात जास्त लागायचा, उद्या चार हात. बाया घागरी घेऊन नुसत्या येरझारा घालत्यात.

मग पाटलानं शिदू पैलवानाला बोलावलं. शिदूनं तीन दिवस कुऱ्हाड चालवली, झाड आडवं केलं. लाकूड घरोघर गेलं. गाव खूश. पन खुंट राहिला ना भुईत! दुसऱ्या दिवशी बघत्यात, तर घटघट दुप्पट.

मग पाटलानं आठ बैल जुपलं. खुंटाला साखळी बांधली. हाणा रं! बैलांनी जोर केला, तर खुंट हलला न्हाई, बैलच मागं वढलं गेलं. साखळी तुटली आन् शिदू पैलवान शेनात जाऊन बसला.

हसू नका! गावाला हसू येत नव्हतं. विहिरीच्या तळाला आता एक घागर पानी उरलं व्हतं.

पाटील म्हनाला, "बास. उपसा ती घागर, वाटंला लागंल. आजच गाव सोडायचं."

मग काय! गाड्या जुपल्या. कोंबड्या डालल्या. कुत्री उगंच गोल गोल फिरत्यात, वासरं हंबरत्यात.

पन हौसाबाईचं काय? तिची सासू, गोजराआजी, वरीसभर आंथरुनातनं उठली नव्हती. गाडीत घालावी, तर हिसक्यानंच वाटंत मरायची. मागं ठेवावी, तर तहानेनं मरायची. हौसा घरातनं दारात, दारातनं घरात. एक गाठोडं बांधती, परत सोडती.

सासू म्हनाली, "हौसे, बस की गं जरा. झालंय काय?"

हौसानं समदं सांगितलं.

म्हातारी म्हनाली, "आंब्याच्या तोंडात पानी घातलं का कुनी?"

"झाडाच्या?"

"मग! मानूस जायला लागलं की आपन तुळशीचं पान ठेवून पानी पाजतो. तवा जीव सुटतो. आंब्याच्या अंगावर तुमी नुसती कुऱ्हाड घातली. मेला म्हनून त्याला सांगितलं का एकानं तरी?"

मग हौसा उठली. तुळशीचं पान खुडलं आन् पाटलाच्या गाडीतली घागरच उचलली. म्हनाली, "खुंटाला पाजायचीया."

पाटील वरडला, "ए हौसे! गावाचं शेवटचं पानी हाय ते! खुंटाला वततीस? डोस्कं फिरलं का?"

हौसा म्हनाली, "आंबं खाताना कुनाचं फिरलं नव्हतं!"

आन् ती निघाली खुंटाकडं. सगळं गाव मागं मागं. हौसानं खुंटाच्या मधोमध पान ठेवलं. चुकलं तर सासूला प्यायला थेंब न्हाई. तरी तिनं वतलं.

"बाबा, तू मेलास," ती म्हनाली. "लई आंबं दिलंस. लई सावली दिलीस. आता पानी पी आन् जा."

घट, घट, घट... खुंट घागर प्याला. शेवटचा घोट तेवढा राहिला. तो वरच थांबला. खुंटावर पानी तसंच, वर पान तरंगतंय. शिदूनं भुईला कान लावला. काय न्हाई. गपगार.

मग शिदूनं खुंटाला हात घातला. नुसता एक हिसका, आन् मुळ्यावानी उपटून आला! मागनं पानी उसळलं. खड्ड्यातनं धो धो विहिरीत. इतक्या दिसांचं पिल्यालं समदं परत आलं.

बैल सोडलं. गाठोडी सोडली. पाटलानं सोता तांब्या भरून गोजराआजीला नेऊन दिला. म्हातारी सगळा प्याली, तोंड पुसलं आन् म्हनाली, "लई गार हाय. थंडीचं दिस, जरा कोमट करून आनलं असतंस, तर हात झिजलं असतं का?"

मग ती बरीच वर्षं जगली, आन् रोज असंच कुनाला तरी बोलत राहिली. गावबी सुखात राहिलं.

तुमीबी सुखात ऱ्हावा. डोळं मिटा. वाकळ वढाया लागलासा, तर एकेकाला भाईर काढीन. निजा!