उत्तरेकडचा बैल

अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या, त्या काळची गोष्ट. उत्तरेकडच्या खडकाळ रानात ब्राइट नावाचा बैल राबायचा. तिथं धनी स्वतःच नांगर धरी. बैल दमून बसला की तोही बांधावर टेकायचा.

पुढे ब्राइट दक्षिणेत विकला गेला. तिथं तंबाखूची शेतं नजर पोचेल तिथवर पसरलेली. धनी ओसरीच्या सावलीत बसे आणि नांगर धरायला कोजो नावाचा गुलाम असे.

पहिल्याच दुपारी ब्राइट थकला आणि सवयीने खाली बसला. मुकादम चाबूक घेऊन धावत आला. ब्राइटने अंग चोरलं, पण फटके पडले ते कोजोच्या पाठीवर.

"बसलो मी, मग मार त्याला का?" ब्राइटने जोडीच्या म्हाताऱ्या बैलाला विचारलं.

"अरे, इथं जमीन धन्याची, आपण धन्याचे आणि तो माणूसही धन्याचाच."

"म्हणजे त्याचं नशीब आपल्यासारखंच की!"

"आपल्यासारखं कसं? आपण बैल म्हणूनच जन्मलो."

कोजो कण्हत उठला, जवळ आला आणि त्याने ब्राइटच्या मानेवरून हळूच हात फिरवला. त्या हाताखाली ब्राइटला बसवेना. पाय लटपटत होते, तरी तो उभा राहिला आणि ओढू लागला.