चौथ्या सकाळची कहाणी

तांदूळ मुठीत घ्या, बायांनो, आणि ऐक चौथ्या सकाळे, तुझी कहाणी. एक आटपाट नगर होतं, त्याला दगडी वेस होती, वेशीपाशी धर्मशाळा होती. धर्मशाळेच्या दारावर नियम कोरला होता : तीन रात्री राहावं, चौथ्या सकाळी निघावं, का म्हणून विचारू नये.

धर्मशाळेचे पाच पंच होते. दारात एक घंटा टांगली होती. चौथी सकाळ झाली की थोरल्या पंचाच्या धाकट्या सुनेनं ती वाजवायची आणि म्हणायचं, "उठा, निघा." तो तिचा मान. सुनेचं नाव येसू. लग्न होऊन आली तेव्हा तिनं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, चौथ्याच सकाळी का?"

सासरा म्हणाला, "वाचता येतं ना तुला? दारावर वाच."

तिनं वाचलं. मग ती घंटा वाजवायला लागली.

एकदा त्या नगराच्या राजाला कमळं बघायची हुक्की आली. कमळांना तळं हवं. तळ्याला पाणी न जिरवणारी चिकण माती हवी. ती माती कुंभारवाड्यात होती, म्हणून तर कुंभार तिथं राहत होते. मग राजानं कुंभारांची बारा घरं मोडली. तळं झालं, कमळं आली. राजा एकदा आला, "छान आहेत" म्हणाला, पुन्हा फिरकला नाही.

अकरा घरं परमुलखात गेली. बारावं घर सोनबा कुंभाराचं. त्याची बायको भागू, मुलगी ठकी. सोनबानं चाक डोक्यावर घेतलं, भागूनं गाठोडं घेतलं, ठकीनं मडकी थोपटायची फळी घेतली. तिघं धर्मशाळेत आली.

मग सोनबा काम मागायला गेला. धनी म्हणाला, "राहतोस कुठं?" "धर्मशाळेत." "परवा तिथं असशील?" "नाही." "मग काम नाही."

मग भागू खोली मागायला गेली. मालकीण म्हणाली, "नवऱ्याला काम कुठं आहे?" "नाही." "मग खोली नाही."

मग ठकी पंतोजींच्या शाळेत गेली. पंतोजी म्हणाले, "किती दिवस येशील?" ठकीनं बोटं मोजली. पंतोजींनी दार लावलं.

चौथी सकाळ झाली. येसूनं घंटा वाजवली. "उठा, निघा." पंचांनी तिघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला, आपापल्या पुण्याला हात जोडले, आणि घरी जाऊन झोपले.

महिनाभर बाहेर राहिलं की धर्मशाळेत परत येता येई. महिनाभर कुठं राहिलात, हे विचारायचा नियम नव्हता. तिघं परत आली.

ह्या खेपेस सोनबा काम मागायला गेला नाही. त्यानं आपलंच काम काढलं. तळ्याच्या काठची माती आणली, म्हणजे स्वतःच्याच अंगणातली. लीद घातली, राख घातली, मळली. मागच्या पडवीत चाक मांडलं. भागूनं मडकी थोपटली, ठकीनं सावलीत ओळीनं ठेवली. चौथी सकाळ झाली. येसू घंटेपाशी आली.

भागू म्हणाली, "बाई, मडकी ओली आहेत. वाळल्याबिगर भाजता येत नाहीत, भाजल्याबिगर विकता येत नाहीत. थोडे दिवस द्या."

येसूनं वर नियम बघितला. मग घंटा वाजवली.

तिघं ओली मडकी घेऊन निघाली. काही वेशीत चेपली. काही ओढ्यात उतरताना बसली. उरलेली पावसानं नेली. पंच वेशीपाशी पान खात उभे होते. दुसरा पंच म्हणाला, "बघा, ह्या लोकांना आपण कितीही दिलं, ह्यांचं आपलं चिखलच." बाकीचे हसले. येसूही हसली. 

महिन्यानं तिघं तिसऱ्यांदा आली. येसू पाणी द्यायला गेली. ठकी भिंतीला टेकून बसली होती, गाठोडं मांडीवर, गाठ घट्ट.

येसू म्हणाली, "अगं, सोड की गाठोडं."

ठकी म्हणाली, "कशाला? परत बांधावंच लागतं."

सात वर्षांची पोर, बायांनो. येसूच्या पायांखालची फरशी तापली. ती भागूपाशी खाली बसली. पंचांच्या घरातली सून कुंभारणीपाशी फरशीवर. म्हणाली, "भागू, काय केलं तर तुमचं बस्तान बसेल?"

भागू तिच्याकडं बघतच राहिली. "लाडू पुष्कळांनी दिले, बाई. हे कुणी विचारलं नव्हतं."

"विचारतेय मी. सांग."

"एक आडोसा, एक भट्टी, आणि पहिली मडकी विकली जाईस्तोवर कुणी ऊठ म्हणू नये. पुढचं आमचं आम्ही बघू. पण बाई, हा वसा घ्याल आणि सासरा डोळे वटारील तेव्हा टाकाल. टाकायचा असेल तर घेऊच नका."

"घेतला. टाकणार नाही."

चौथी सकाळ झाली. येसूनं घंटेच्या आतला लोळा काढला आणि कमरेला खोचला. पाचवी सकाळ झाली, सहावी झाली. पंच काही रोज येत नसत. ते अन्नदानाला येत, आणि वाढताना खाली बघत नसत.

मडकी वाळली. सोनबानं भट्टी लावली. भागूनं एकेक मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. कच्चं बद्द वाजतं, पक्कं खणखणतं. खणखणली ती बाजारात गेली. ठकीनं गाठोडं सोडलं. त्यात एक परकर होता आणि जुन्या घराच्या दाराची कडी होती.

मग नवरात्र आलं. देवीचा घट बसवायचा, आणि नगरात कुंभार कुठं? पंचांच्या बायका बाजारात गेल्या, तिथं नवे घट दिसले. घेतले. थोरल्या पंचानं घट हातात घेतला, वाजवला, खूश झाला. "कुणाचे गं?"

बायको म्हणाली, "आपल्याच धर्मशाळेतल्या कुंभाराचे. महिना झाला म्हणे त्याला तिथं."

तसा तो घट काखेत घेऊनच थोरला पंच निघाला. मागून चौघं निघाले. धर्मशाळेत आले, बघतात तर घंटा मुकी, पडवीत भट्टी, दोरीवर ठकीचा परकर.

"सूनबाई! हे काय आहे?"

"माणसं राहताहेत, मामंजी."

"किती दिवस?"

"लागतील तितके. अजून एक भट्टी निघायची आहे. वेशीबाहेरची पडीक जागा सोनबानं बघून ठेवलीय. तेवढे घट विकले की खोप उभी राहील. मग ती आपणहून उठतील."

दुसरा पंच म्हणाला, "आज एकाला राहू दिलंत, उद्या सगळे राहतील."

येसू म्हणाली, "राहिले तर सावरतील. सावरले तर तुम्ही लाडू कुणाला वाटाल, हीच ना काळजी? तुमच्या पुण्याला रोज ताजा भुकेला लागतो, काका."

"तोंड सांभाळ! देवीचा कोप होईल."

"देवी तुमच्या देवळात सात पिढ्या बसलीय. तिला कुणी चौथ्या सकाळी 'ऊठ, नीघ' म्हटलं? बसली आहे म्हणून तर ती देवी झाली. आणि तिचा घट ज्यांनी घडवला, त्यांना तुम्ही घट काखेत मारून हाकलायला आलात."

थोरल्या पंचानं काखेतला घट दुसऱ्या काखेत घेतला. म्हणाला, "पोरी, नियम म्हणजे नियम. लोळा अडकव. घंटा वाजव."

येसूनं कमरेचा लोळा काढला. ठकीनं चटकन परकर दोरीवरून ओढला आणि गाठोड्याशी बसली. येसूनं ते बघितलं. मग लोळा पुन्हा कमरेला खोचला.

"नाही वाजवणार. आज नाही, उद्या नाही, माझ्या हयातीत नाही. हवी तर तुम्ही वाजवा, पण आधी सांगा. चौथ्याच सकाळी का?"

थोरल्या पंचानं दुसऱ्याकडं बघितलं. दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. तिसऱ्यानं चौथ्याकडं, चौथ्यानं पाचव्याकडं. पाचवा सगळ्यांत म्हातारा. त्यानं वर बघितलं, कोरलेला नियम वाचला, खालून पुन्हा वाचला. त्यात कारण लिहिलेलं नव्हतं. लोळा कुणी मागितला नाही.

तेवढ्यात भागूनं मागच्या पडवीत एक मडकं वाजवून बघितलं. खणखणलं.

जशी चौथी सकाळ भागूला लाभली, तशी ती दारोदार गाठोडं वाहणाऱ्या प्रत्येकीला लाभो. आणि ज्यांच्या हाती घंटा आहे, त्यांना येसूची बुद्धी होवो. तुम्हीही त्यांतल्याच, बायांनो, माझ्याकडं बघू नका, आपापल्या दाराकडं बघा. घेतला वसा टाकू नका. तांदूळ वाहा. ही साठा उत्तरांची कहाणी एका प्रश्नापाशी सुफळ संपूर्ण.